गोव्याला बोट लागली, मी बोटीवरच थांबले

मंडळी, आज आमची क्रूझ गोव्याला लागली. ठाण्याच्या वर्तकनगरहून मी, मुलगा आणि सून आलोय. सकाळी मी बूट घालून तयार होते.

मुलगा म्हणाला, "आई, तू थांब ना बोटीवरच. काल चढतानाच तुझ्या गुडघ्यांमुळे रखडलो." सून तोवर गॉगल लावून लिफ्टकडे निघालीसुद्धा.

"बरं, थांबते," म्हटलं.

दुपारी त्याने फॅमिली ग्रुपवर दोघांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "आईला बोट सोडवेना."

डोंबिवलीच्या जाऊबाईंचा लगेच मेसेज, "नशीबवान आहेस गं."

मी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला.

संध्याकाळी आल्यावर म्हणतो, "कोचीलापण बोटीवरच आराम कर. तुला आवडलंय ना."

तुम्ही ग्रुपवर खरं लिहिलं असतं का?