बंबात गेलेला दांडा

वाळक्या बाभळीच्या धुराला एक गोडसर, घशात रेंगाळणारा वास असतो. धुळ्यातल्या आमच्या वसतिगृहामागे चहावाला सकाळी भट्टी पेटवतो, तेव्हा तो वास खिडकीतून आत येतो आणि माझं मस्तक भडकतं. धुरावर कुणी रागावतं का? मी रागावतो. का ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

शिरपूरपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. घरामागच्या पत्र्याच्या छपरीत माझे वडील, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, कुऱ्हाडी-कुदळींना दांडे बसवतात. त्यांची एक रीत आहे. नवा दांडा मागायला येणाऱ्यानं जुना, मोडका का होईना, सोबत आणायचा. त्या लाकडावर माणसाचा हात उमटलेला असतो. कुठं पकड घट्ट, कुठं सैल, सगळं तिथं झिजून लिहिलेलं. नाना ते बोटांनी वाचतात. मी कॉलेजात शिकणारा, घरातला पहिलाच. मला मात्र ती अडाणी सवय वाटायची. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सगळे नग तंतोतंत सारखे उतरले की दहापैकी दहा मिळतात. मला मिळाले होते. त्या दहा गुणांची आज चीड येते.

गेल्या सुट्टीत मी हौसेनं एकाच मापाचे सहा दांडे घडवले, वर चकचकीत व्हॉर्निश दिलं. नाना बहिणीकडे मुक्कामी गेले होते. एका संध्याकाळी शेजारच्या सुमनअक्का कुदळ ठेवून गेल्या; तिचं पातं दांड्यावर हलत होतं, फक्त पाचर ठोकायची होती. पण तो दांडा मला बघवेना. एका बाजूनं चपटा, मध्येच उंचवटा, घामानं काळा पडलेला. मी तो उपटला, माझा देखणा दांडा बसवला. सकाळी अक्का घाईत कुदळ घेऊन केळीचे खड्डे खणायला गेल्या, आणि तो जुना बाभळीचा दांडा मी तोडून आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात घातला.

दुपारी त्या परत आल्या. तळहाताची साल निघाली होती. व्हॉर्निशवर घामाचा हात ठरत नव्हता.

"भाऊ, मना दांडा कोठे शे?"

मी बंबाकडे पाहिलं आणि अक्का समजल्या. तेवढ्यात नाना दारात आले. अक्का त्यांना हसत म्हणाल्या, "देखा नाना, तुमना शिकेल पोऱ्यानी मना हातच जाळी टाका!"

तेव्हा, इतक्या वर्षांत प्रथमच, मी अक्कांचा उजवा हात नीट पाहिला. कडबाकुट्टीच्या यंत्रात दोन बोटं गेलेली. तो चपटा भाग त्या नसलेल्या बोटांसाठी होता, तो उंचवटा उरलेल्या बोटांना अडवण्यासाठी. शेजारी राहून मला एवढं ठाऊक नसावं? कोणती विद्या मी शिकत होतो?

नाना चिडले नाहीत. चिडायला हवं होतं. मला शिव्या घालायला हव्या होत्या, म्हणजे माझा राग कुणाकडे तरी वळला असता. ते एवढंच म्हणाले, "तिना हात धर. पहिले हात देख."

मी तो सोललेला हात हातात घेतला. तीन दिवस अक्कांचा रोजगार बुडाला. तीन दिवस मी बाभूळ तासत होतो, फुटक्या काचेनं खरवडत होतो, आणि अक्का अंगणात कुदळ उचलून पाहून पुन्हा माझ्यापुढे ठेवत होत्या. शेवटी तेल चोळून दांडा दिला. त्यांनी दोनदा हवेत घाव घातला.

"आते धकी जाई," त्या म्हणाल्या. मग दांड्यावरून बोटं फिरवत, "पन हाऊ तो नही."

नव्हताच तो. तो त्यांच्या हातानं वर्षानुवर्षं घासून घडवला होता, आणि तसं घासणं मला कुठल्याच यंत्रावर जमणार नव्हतं.

आता भट्टीचा धूर आला की मी खिडकी लावून घेत नाही. बसून राहतो. आठवतं, त्या सकाळी बंबातलं पाणी नेहमीपेक्षा लवकर तापलं होतं. अक्का माझा गुळगुळीत दांडा खांद्यावर टाकून रानात चालल्या होत्या, आणि मी न्हाणीत गुणगुणत अंगावर तांबे ओतत होतो.