कुसुमने बांधलेली भिंत

कुसुम गेल्याचं कळलं तेव्हा मी बेलापूरच्या शाळेत आठवीच्या वर्गावर होते. शिपायाने दारातून खुणावलं, ऑफिसात फोन होता. भंडारदऱ्याकडच्या आमच्या जुन्या शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. "साळवेबाई सकाळी गेल्या. हृदयविकाराचा झटका..." पुढचं नीट ऐकू आलं नाही. परत येऊन मी उरलेला तास घेतला. इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं, सांगणार तरी कोणाला...

ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी त्या शाळेत एकदमच रुजू झालो. तिने लग्न केलं नव्हतं. मिरजगावहून आईला सोबत घेऊन आली होती. म्हातारीचा सगळा जन्म उन्हात गेलेला आणि भंडारदऱ्याची थंडी हाडात शिरणारी. त्यात दमा. शेगडी पेटवावी तर धुराने धाप लागायची, न पेटवावी तर नुसतं कुडकुडणं. विजेचा भरवसा नव्हता. "मला गावाला धाड बाई," असं आई म्हणायची. पण गावी तिला बघणारं कोणी उरलं नव्हतं.

मग कुसुमने घराची दक्षिणेकडची भिंत फोडून घेतली. तिथे काळ्या रंगाचे पत्र्याचे डबे रचले, बाहेरून काच लावली आणि काचेवर लाकडी झडपा. डब्यांत पाणी धरून ठेवणारा एक क्षार भरला. "खोबरेल थंडीत गोठतं आणि उन्हात वितळतं ना, तसंच हे," तिने मला समजावलं. "वितळताना ऊन पोटात घेतं, गोठताना परत देतं." दिवसा झडपा उघडायच्या, ऊन कललं की लावायच्या. गावातले लोक हसले. पण त्या हिवाळ्यात आई भिंतीला पाठ लावून बसायला लागली. मी गेले तेव्हा म्हणाली, "लई बरं वाटतंय बघ. शेगडीची याद बी येत न्हाई." कुसुम चहा गाळत राहिली, पण इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात भिंत थंड पडली. पुन्हा पुन्हा वितळून-गोठून क्षार तळाशी बसला होता, पाणी वर राहिलं होतं. दोन्ही एकजीव होईनात. शेगडी परत आली, धापही. क्षाराऐवजी मेण भरायचं ठरवून तिने डबे उतरवले आणि ते काम चालू असतानाच आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि ही मेण वितळवायला बसली.

"आता कशाला गं?" मी विचारलं.

"अर्धवट राहिलंय," एवढंच म्हणाली.

मेणाची भिंत चालली, चांगली चालली. त्या घरात मग ती एकटीच राहिली. माझी बदली झाली, भेटी वर्षा-दोन वर्षांनी व्हायला लागल्या. शेवटच्या भेटीत सहज बोलावं तसं म्हणाली, "संध्याकाळी आईच्या जागेवर बसते. तिथे बसलं की शाळेतलं सगळं बोलून होतं माझं..."

परवा तिच्या मामेभावाने घर आवरायला बोलावलं. झडपा ती गेल्यापासून बंदच होत्या, भिंत गार. मी सकाळीच त्या उघडल्या. दुपारपर्यंत भांडी-कपडे टेम्पोत चढले, किल्ली शेजारी द्यायला सांगून तो निघाला. ऊन कलल्यावर मी झडपा लावल्या आणि रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने पाठीला ऊब लागली. मी तिला बेलापूरच्या शाळेतलं सांगायला सुरुवात केली. बाहेर शेवटची एसटी गेल्याचा आवाज आला... मी उठले नाही.