राडा पंगतीनंतर

नाना माणसाला नाव, गाव, जात काही विचारत नसत. "काय वाढतोस?" एवढंच विचारत. बीडमधल्या आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की तेरवं, पंगत गल्लीतल्या पोरांनीच वाढायची अशी जुनी रीत होती, आणि एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले नाना तिचे आपणहून झालेले सेनापती. त्यांच्या लेखी जगात वरणवाले, भाजीवाले, बुंदीवाले आणि बिनकामाचे एवढेच लोक होते. एकदा पोलीस गल्लीत गुंडांची चौकशी करायला आले, तेव्हा नानांनी अगदी मनापासून मदत केली. "त्यो लाल गाडीवाला भाजी बरी वाढतो, पण पळतो लई." साहेबांनी हे लिहून घेतलं की नाही, कोण जाणे.

गुंड म्हणजे तसे आमचेच. गल्लीच्या या तोंडाला 'वादळ ग्रुप' आणि त्या तोंडाला 'एकटा वाघ ग्रुप'. एकट्या वाघात पंचवीसेक जण होते. वैर कशावरून, तर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स कुणाचा लागायचा, यावरून. वाढदिवसाला केक तलवारीने कापायचा. तलवार पत्र्याची, शाळेच्या स्नेहसंमेलनातून उचललेली. मला हसू यायचं. पण वाघांचा फ्लेक्स फाटला, काठ्या आणि रॉड गोळा व्हायला लागले, तेव्हा हसू मावळलं. रविवारी पाण्याच्या टाकीखाली राडा करायचा असं ठरलं. माझा धाकटा भाऊ पप्या वादळात होता, आणि रोज सकाळी पोलीस भरतीसाठी पळायलाही जायचा. एक गुन्हा नोंदला गेला की भरती संपली, हे त्याला सोडून घरात सगळ्यांना कळत होतं. आईचं अन्नावरचं मन उडालं. ती नानांकडे जाऊन रडली.

नानांनी कुणालाच समजावलं नाही. दोन्ही टोळ्यांना ओट्यावर बोलावून त्यांनी सांगितलं की रविवारी शिंप्याच्या पोरीचं लग्न आहे, तेव्हा राडा पंगतीनंतर. पोरांना ते रास्त वाटलं. ते का वाटलं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. लग्नात नानांनी वादळाचा म्होरक्या बंटी याच्या हातात मिठाचं ताट दिलं. बंटी फुगला.

"कावून नाना? मी ग्रुपचा अध्यक्ष हाय."

"म्हणूनच. मीठवाल्याला समद्यांपुढं वाकावं लागतं."

वाघांचा म्होरक्या सोन्या, त्याला लिंबाच्या फोडी दिल्या. दोघं एकामागून एक वाकत वाकत सगळा मांडव फिरले. संध्याकाळी कंबर धरून दोघांनी राडा पुढच्या रविवारवर टाकला.

पुढच्या रविवारी बारसं निघालं. मग वास्तुशांत. रॉड आचाऱ्याने कढई उतरवायला म्हणून नेले, ते परत आलेच नाहीत. एका रविवारी गल्लीत काहीच नव्हतं, तर नानांनी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस काढला. काकूंना जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि तारीखही ती नव्हती. बुंदी मात्र पाडली. त्या दिवशी काकूंचं पान वाढताना नानांचे डोळे भरले, आणि मला वाटलं, हा माणूस नुसता कावेबाज नाही.

त्यांचा एक नियम फार कडक होता. वाढपी शेवटी बसणार, दोन्ही टोळ्या एकाच ओळीत, आणि शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी पानावरून उठणार नाही. मध्येच उठलेल्याशी नाना महिना महिना बोलत नसत.

मागच्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. तेरव्याला मिठाचं ताट बंटीने न सांगता उचललं, लिंबं सोन्याने. पण लग्नसराई संपली होती, गल्लीत पुढे कसलंच कार्य नव्हतं आणि राडा थांबवणारा माणूस उरला नव्हता. पोरांच्या गाड्या टाकीच्या दिशेने तोंड करून लावलेल्या मी पाहिल्या. आई सकाळपासून दारात उभी होती, पोटात कण नव्हता.

वाढपी बसले. सगळ्यांचं झालं, पण पप्याच्या पत्रावळीवर बुंदीचा एक घास उरला. तो काही केल्या त्याला हात लावेना.

"जेव बे," बंटी म्हणाला, "समदे थांबलेत."

"भूक न्हाई."

"मग ऊठ."

"पान संपलं न्हाई. कसं उठू?"

सगळी ओळच खरकटे हात घेऊन बसून राहिली. आचारी चुली विझवून गेले, ऊन भिंतीवर चढलं, तरी एकही जण हलला नाही. शेवटी सोन्याने पत्रावळीकडे बघतच विचारलं, "वर्षश्राद्धाला मीठ कोण वाढणार?"

"मीच की," बंटी म्हणाला.

"मग तवर थांबू."

पप्याने घास तोंडात टाकला. ओळ उठली. आई दारातून आली आणि पप्याच्याच जागेवर मांडी घालून बसली, म्हणाली, आता वाढा मला. पोरं पातेल्यांकडे धावली. सगळ्यांच्या आधी बंटी आला आणि तिच्यापुढे वाकून त्याने मीठ वाढलं.