सत्तर अंशांवर अडलेला हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सावेडीत माझं छोटं क्लिनिक आहे. माणसाचा हात किती वर जातो ते मी कोनमापक लावून अंशांत मोजते आणि फाइलमध्ये लिहिते. आम्ही ख्रिस्ती, रविवारी मी चर्चलाही जाते... पण तिथे कुणी देवाने केलेल्या चमत्काराची साक्ष द्यायला उभं राहिलं की मी हळूच घड्याळ बघते. आज मीच साक्ष द्यायला बसलेय. हसा हवं तर!

आमचं गाव जामखेडच्या अलीकडे. तिथल्या चर्चची घंटा एकतीस वर्षं माझी मार्थाआत्या वाजवतेय. पहिली घंटा म्हणजे आवरायला लागा, दुसरी म्हणजे घरातून निघा, तिसरी म्हणजे उपासना सुरू. दर वेळी बारा टोले. घंटा चांगलीच जड आहे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोर खाली ओढावा लागतो, आणि घंटा झुलली की दोर हातांना घेऊनच परत वर जातो. समोरचे रामभाऊ माळकरी, पण रविवारी डेअरीला दूध घालायला निघतात ते आत्याच्या पहिल्या घंटेवर.

गेल्या उन्हाळ्यात आत्या मोरीत घसरली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण सांधा जाम झाला. मी दर रविवारी जाऊन व्यायाम घ्यायचे. पाच महिन्यांनी हात सत्तर अंशांवर अडला तो अडलाच, म्हणजे खांद्याच्याही खाली. मी स्वतः उचलून पाहिला तरी पुढे जाईना.

तोवर घंटा पाळकसाहेब वाजवत होते. त्यांचं प्रवचन उत्तम, पण घंटा अशी की गावाला वाटायचं कुठेतरी आग लागलीय! शेवटी चर्चच्या पंचांनी ठरवलं, स्पीकर बसवून रेकॉर्ड केलेली घंटा लावायची. आत्याने एवढंच मागितलं – हंगामाच्या सणापर्यंत थांबा. त्या दिवशी शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये अर्पण करतात, आणि त्या सणाची घंटा तिने कधीच चुकवली नव्हती. पंचांनी मला फोन करून विचारलं. मी म्हणाले, "बसवून टाका. तो हात आता वर जायचा नाही." हे आत्याला सांगायचा मात्र मला धीर झाला नाही.

आत्या रोज संध्याकाळी घंटेखालच्या ओट्यावर दोर मांडीवर घेऊन बसायची. एकदा मी चिडलेच.

"आत्या, इथे बसून काय होणार? त्यापेक्षा व्यायाम कर."

"त्यो केला की सकाळी. आता वाट बघते."

"कुणाची?"

"ज्याची घंटा हाय त्याची. मला न्हाई घाई. तुलाच लई घाई हाय, शालू."

"आणि तो नाही आला तर?"

"आपन बसायचं. यायचं काम त्याचं."

सणाच्या सकाळी सात वाजता मी तिचा हात मोजला. सत्तर. मग मात्र मी सगळं सांगून टाकलं, त्या फोनसकट. तिने डोळे पुसले, ठेवणीतलं पातळ नेसली आणि एकटीच चर्चकडे गेली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याबरोबर जायलाही पाय उचलेना.

मी अर्पणाची बाजरी आणि भोपळा पिशवीत भरत बसले. आठ वाजले... आणि घंटा झाली. एक – दोन – तीन – संथ, एका लयीत. मला वाटलं, पंचांनी स्पीकरच लावला. पिशवी तिथेच टाकून मी पळत गेले.

आत्या दोर ओढत होती. दोर वर जाई तसे तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ जात होते, ती चवड्यांवर उभी राहत होती – आणि हसत होती! रामभाऊ दुधाची किटली घेऊन रस्त्यातच थांबलेले. "मी म्हनलंच, मार्थाबाईच हायेत! आज टायमात निघालो बगा," ते म्हणाले. मी भर रस्त्यात रडले.

तिन्ही घंटा तिनेच वाजवल्या. उपासना संपल्यावर तिला संडे स्कूलच्या खोलीत नेऊन मी परत हात मोजला. सत्तर! जरा वर रेटला तर ओरडली, "आगं, दुखतंय की!"

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी व्हिडिओ काढून माझ्या सरांना दाखवला, हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. कुणी म्हणालं सवय, कुणी म्हणालं उत्साहाचा भर. पण जाम झालेला सांधा सवयीने तासाभरापुरता उघडून परत बंद होत नाही हो! एक जण म्हणाले, कोनमापक बदल. बदलला. सत्तरच.

स्पीकरवर हल्ली नाताळची गाणी लागतात. आणि क्लिनिकमध्ये कुणी विचारलं, "मॅडम, आता पुढे नाही का जाणार?" तर माझं ठरलेलं उत्तर तोंडातून निघत नाही. व्यायाम करू आणि वाट बघू, एवढंच म्हणते. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि खरं तर आता शोधतही नाही.

मागच्या रविवारी तिन्ही घंटा वाजवून आत्या घरी आली, चहाचं आधण ठेवलं आणि फळीकडे बघत म्हणाली, "शालू, तेवढा साखरेचा डबा काढून दे गं. माझा हात न्हाई पुरत."

मी काढून दिला.