तापल्या बिडावर पाणी

उकंडाच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तो जन्मला तेव्हा आजीने त्याला टोपलीत घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीने उचलल्यावर तिला पसाभर ज्वारी देऊन परत आपलंसं केलं. मरणाला फसवायची ही वऱ्हाडातली जुनी रीत. पोर जगलं आणि उकिरड्यावरून नाव पडलं उकंडा. पुढे मिशा आल्या, लग्न झालं, तसा तो उकंडराव झाला.

घर माळ्याचं. बाप वांगी-मिरची लावायचा, पण उकंडाचा जीव वाफ्यात रमला नाही. तो खामगावच्या एका कापसाच्या जिनात इंजिनाच्या खोलीत तेल घालायला लागला. तिथे एकदा पट्ट्याने एका गड्याचा हात खांद्यापासून उपटून नेला. भिंतीवर रक्त उडालं. भिंत धुतली आणि पाळी पुन्हा सुरू झाली. उकंडाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण त्या दिवसापासून तो यंत्राला देवासारखा मान द्यायला लागला. इंजिन अडलं म्हणून त्याने रागाने हातोडी घातली असं कोणी कधी पाहिलं नाही. "इंजनाले राग नसते," तो म्हणायचा, "माणसाले असते. मंग आपणच शांत राहाव."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तो उंद्रीला परतला आणि खामगावच्या सडकेला लागून त्याने टिनाचं छप्पर टाकलं. पुढे दुकान, मागे घर. विहिरींवरची तेलाची इंजिनं, मोटा हाकून थकलेल्या लोकांनी नव्याने घेतलेले पंप, कधीमधी एखादी मोटार, असं काम यायचं. बायको मंजुळाबाई धाडची. तिचा भाऊ निवृत्ती तिकडेच नाल्याकाठी भाजी पिकवायचा आणि आठवडी बाजारात विकायचा. बाजाराच्या दिवशी कोणी धाडहून येणारा असला की बहिणीसाठी त्याच्या हाती वांग्यांची पिशवी हमखास यायची.

धाडकडचाच रंगराव पाटील. मोठी जमीन, मोठा वाडा आणि त्याहून मोठा हात. त्याच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला उकंडा दोनदा गेला होता. एकदा इंजिन सुरू व्हायला उशीर झाला म्हणून रंगरावाने सगळ्या गड्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. उकंडाने खाली पडलेला पाना उचलला आणि काम पुरं केलं. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून रंगरावाने एक फटफटी घेतली होती. ती येताना दिसली की बाया लेकरांना ओट्यावर ओढून घ्यायच्या.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, उन्हं कलायच्या आधी, चिखलीच्या बाजूने तोफा डागाव्यात तसा आवाज आला. फटफटी दुकानासमोर येऊन थांबली. धूर फेकणारी नळी इंजिनापासून सुटून लोंबत होती. तिच्या जागी मोकळ्या पडलेल्या तोंडातून वाटभर ज्वाळ थेट पायावर आली होती. रंगरावाचं धोतर गुडघ्याखाली जळलं होतं आणि पोटरीचं कातडं लोंबत होतं. त्याच्या अंगरख्यावर रक्त होतं. ते पोटरीचं नव्हतं. ते छातीवर होतं.

"उकंड्या, हे नीट कर. हा आवाज बंद झाला पायजे!"

त्याने गाडीला बांधलेली कुऱ्हाड सोडून हातात घेतली.

उकंडाने वाकून पाहिलं. नळी इंजिनाच्या डोक्याला दोन स्टडांनी, म्हणजे आटे पाडलेल्या खिळांनी, आवळलेली असते. एकाचे आटे ढिले होऊन तो गळून गेला होता, आणि दुसरा मुळाशीच तुटून त्याचा तुकडा डोक्याच्या बिडात, ओतीव लोखंडात, रुतून बसला होता.

"मालक, स्टड आत मोडला. वेळ लागन."

"लागू दे. पण खामगावच्या नाक्यावरून मले गुपचूप जायचं हाय. उशीर केला तं तुयी मुंडी इथंच ठेवीन."

उकंडाने ब्लोलॅम्प पेटवला. पंप मारला की बाणासारखी निळी ज्योत फेकणारा तो घासलेटचा पितळी दिवा होता. त्याने तुटक्या तुकड्याभोवतीचं बीड तापवलं, तुकड्याच्या कडेला छन्नी टेकवली आणि उलट्या अंगाने हलके ठोके द्यायला लागला. कुऱ्हाडीचं पातं त्याच्या मानेमागे होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. तरी हात आपलं काम करत होते. आणि थोड्या वेळाने तुकडा हलला. केसभर, मग अर्धा फेर.

रंगरावाला ते कळलं नाही. तो सडकेकडे बघत होता आणि जळक्या पायावर थरथरत बोलत होता. "माह्या बांधाचं पाणी फोडते साला. भर बाजारात मले उत्तर देते. वांग्याच्या ढिगावरच आडवा केला त्याले. एक घाव खांद्यात, एक मानंत. निवृत्ती नाव सांगत होता मोठं. आता सांगन काय?"

छन्नी थांबली.

मागच्या दारात मंजुळाबाई उभी होती. ती कधी आली ते उकंडाने पाहिलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. चाकरांचे सोयरे कोण हे लक्षात ठेवायची रंगरावाला कधी गरज पडली नव्हती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सडकेकडे तोंड केलं.

तुकडा सुटला होता. बोटाने फिरवला असता तर बाहेर आला असता. नवा बोल्ट घालायचा, नळी आवळायची, की हा माणूस खामगावला पोचणार आणि रेल्वेत बसून नाहीसा होणार. उकंडाने तुकडा तिथेच राहू दिला. मग त्याने छन्नी खाली ठेवली आणि ब्लोलॅम्पला जोराने पंप मारला.

"काऊन बे, आता काय करून राह्यला?"

"आटे धरून बसले, मालक. अजून तापवा लागते. मंग पाणी टाकलं का तुकडा आकसून सुटते."

त्याने ज्योत इंजिनाच्या सगळ्या डोक्यावर फिरवली. काळं बीड आधी जांभळं झालं, मग त्यावर मंद लाली चढली. "मंजुळे," तो न वळता म्हणाला, "पाणी आण. थंडं."

तापल्या बिडावर थंड पाणी पडलं की काय होतं, हे त्या घरात तिला चांगलं ठाऊक होतं. एका पंपाचं डोकं तिच्याच हातून असं गेलं होतं आणि उकंडा तेव्हा दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता. ती आत गेली. रांजणातून भरलेली घागर घेऊन आली आणि सबंध घागर तिने इंजिनावर ओतली.

वाफेचा लोट उठला. त्यातून बंदुकीसारखा कडाका झाला. वाफ सरली तेव्हा डोक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट शिरेल अशी भेग पडलेली होती.

रंगराव भेगेकडे बघत राहिला. मग त्याला समजलं.

कुऱ्हाड उकंडाच्या डोक्यावर येत होती. त्याने डावा हात वर केला. पात्याने अंगठा सोडून सगळी बोटं नेली. ती तेलाच्या भांड्यात पडली. दुसरा घाव उचलायला रंगरावाने हात मागे घेतला तेवढ्यात उकंडाने उजव्या हातातला पेटता ब्लोलॅम्प सरळ त्याच्या तोंडावर धरला. धरला आणि काढला नाही. रंगरावाच्या मिशा, भुवया, डोळे, सगळं त्या निळ्या ज्योतीखाली होतं. तो गुरासारखा ओरडला आणि कोसळला. मंजुळाबाईने रिकामी घागर त्याच्या डोक्यात घातली. घागर चेपली. तिने पुन्हा घातली.

"सोड," उकंडा म्हणाला. "मंजे, सोड. तो मराले नाई पायजे."

"माह्या भावाले सोडलं काय त्यानं?"

"कोर्टात उभा राहू दे. सगळ्याईले दिसू दे."

आरडाओरड ऐकून शेजारचा कडूबा आणि गावकरी धावत आले. काय झालं ते कळताच त्यांनीही रंगरावाला लाथांनी तुडवलं. कोणाच्या तरी हातात दगड होता. उकंडा रक्त गळणारा हात पोटाशी धरून रंगरावावर आडवा पडला, म्हणून पाटील जिवंत राहिला. काही लाथा उकंडालाही बसल्या.

सेशन कोर्टात उकंडाच्या वकिलाने विचारलं, "दिवा चुकून तोंडावर गेला ना?" उकंडा म्हणाला, "नाई. मीनं धरला. त्यानं घाव घातल्यावर धरला." रंगरावाला जन्मठेप झाली. आंधळा झालेला तो माणूस शिपायांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेला. जीव वाचवायला केलं म्हणून उकंडाला कोर्टाने सोडलं.

लोकांनी उकंडाला मर्द म्हटलं. घरात मात्र मंजुळाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. पिठलं-भाकर पुढे ठेवायची आणि निघून जायची. एका दुपारी ती म्हणाली, "तुमी इंजन मारलं. माणूस जिता ठेवला."

"हाव," उकंडा म्हणाला. "मले मारता आला असता."

"मंग काऊन नाई मारला?"

"दिवा धरला तवा मले बरं वाटलं, मंजे. लय बरं वाटलं. त्याचंच भेव वाटलं."

ती उठून आत गेली. त्यानंतर मात्र ती दुकानात येऊन बसू लागली. चार बोटांविना त्याला छन्नी धरता येत नव्हती. तो सांगायचा आणि ती धरायची. ठोका तो उजव्या हाताने द्यायचा.

पंचनामा झाला, खटला संपला, पण फटफटी न्यायला पाटलाच्या घरचं कोणी आलं नाही. ती दुकानाच्या कडेला गंजत पडली. निवृत्तीच्या वर्षश्राद्धाहून परतल्यावर, लुगडंही न बदलता, मंजुळाबाईने घण उचलला आणि फटफटीवर घातला. टाकी चेपली. पुढचा दिवा फुटला. चाकाच्या तारा तुटून उडाल्या. लोक जमले, कोणी पुढे झालं नाही. यंत्रावर रागाने हात उचलणं उकंडाला कधी सहन झालं नव्हतं. तो उंबऱ्यावर बसून बघत होता. घण इंजिनाच्या वरच्या अंगाला लागला तेव्हा तो हळूच म्हणाला, "थितं नको मारू. खाली मार. वरतं पितळ हाय, कामी येते."

तिने घण खाली टाकला, जमिनीवर बसली आणि भावाचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागली.