दुसरं गाणं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बॉथेल गावातला आमचा फिनिश शेजारी त्याच्या आजोबांनी काढलेल्या नाचाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. बोलणं मोजकं, गाणं संपलं की भाता मिटून पोटाशी धरायचा. तो लाजाळू होता, कधी नाचला नाही, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. एकदा तो स्टेजवरून उतरून माझ्या बायकोबरोबर नाचला. गाणं संपलं तरी हात सोडेना, तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "एनफ!"

तो हात सोडून परत स्टेजवर गेला.

"अहो, त्यांच्यात दोन गाणी नाचून बाईला जागेवर पोचवतात," ही गाडीत म्हणाली. "एकावर सोडणं म्हणजे अपमान. माझा मान राखत होता तो."

नंतर तो कधीच नाचला नाही. "माझं चुकलं" म्हणायला मी कितीदा तरी त्याच्या दारात गेलो, आणि तो वारेपर्यंत दर वेळी पावसाबद्दल बोलून परतलो.