वनिताच्या वहीतला एक शेरा

चलथाण स्टेशन यायच्या आत आईने ते पाणी खिडकीतून ओतून दिलं.

ही गोष्ट मी वनिताला तीस वर्षांत सांगितली नाही. सांगू, सांगू म्हणत राहिले.

आज सकाळी वनिता गेली.

उधन्याच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझे वडील पांडेसऱ्यात कापडाच्या लूमवर. तिचे अप्पा रेल्वेत ड्रायव्हर, वाफेच्या इंजिनावर. कायम मालगाडी.

बाकीच्या पोरी सागरगोटे खेळायच्या आणि ही बया रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर बसून इंजिनांचे नंबर लिहायची. तारीख, गाडी, इंजिन नंबर, शेरा. चार कॉलम, पट्टीने आखलेले.

तिच्यामुळे मलाही नाद लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा गाड्या सुटायच्या, अर्धा पांडेसरा पोराबाळांसकट खानदेशात निघायचा, आणि आम्ही दोघी भर उन्हात भिंतीवर. फ्रॉकला काजळी आणि घरी बोलणी.

तिचा एकच नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच वहीत लिहायचं.

गावाहून येताना मी नंदुरबारला पाहिलेले नंबर मोठ्या तोऱ्यात तिला सांगायचे. ती नीट ऐकून घ्यायची आणि वही मिटून ठेवायची.
"तू पाहिलंस. मी नाही पाहिलं."
संपला विषय.

नव्वद साल उलटलं तशी आमच्या लाइनवरची काळी इंजिनं कमी होत गेली. डिझेलचे नंबरही ती लिहायची, पण तोंड वाकडं करून. अप्पांचं बोलणं कमी झालं होतं. वय झालं म्हणून डिझेलच्या ट्रेनिंगला त्यांचं नाव आलंच नव्हतं.

आईबद्दल एक सांगायला हवं. आई दुष्ट नव्हती. वनिता घरी आली की तिला पोटभर जेवायला वाढायची, केसांना तेल लावून वेणी घालून द्यायची.
फक्त त्यांच्या घरी गेली की पाण्याचा ग्लास पुढे यायच्या आधीच म्हणायची, "आत्ताच पिऊन आले."
दर वेळी.
त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि अप्पा सगळ्यांना जय भीम करायचे. बाकी मी काय सांगू? वनिताला सगळं कळत होतं. मलाही.

आठवीच्या सुट्टीत उधन्याहून एक जादा एक्स्प्रेस सुटणार होती. तिला डिझेल मिळालं नाही, वाफेचं इंजिन लागलं आणि ड्यूटी अप्पांना आली.
उभ्या आयुष्यातली त्यांची पहिली एक्स्प्रेस.

त्यांनी वनिताला सांगून ठेवलं होतं, प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला उभी राहा, मी हात करीन.

त्याच गाडीने आम्ही गावी निघालो होतो. आमचा डबा अगदी मागचा. डब्यात मुंगी शिरायला जागा नाही, आई घामाने निथळत होती आणि फिरकीचा तांब्या रिकामा. क्वार्टरकडून येणारी वाट आमच्याच डब्यापाशी निघायची. धुतलेला फ्रॉक घालून, वही छातीशी धरून वनिता घाईघाईने येताना दिसली.

मी खिडकीतून हाक मारली. "वने, आईला पाणी भरून दे ना."

तिने पुढे इंजिनाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि हात पुढे केला.

नळावर ही गर्दी. शिट्टी झाली, गाडी हलली, तशी ती दोन्ही हातांत तांब्या धरून धावत आली. पाणी फ्रॉकवर सांडत होतं. गजांमधून तांब्या माझ्या हातात दिला आणि तिथेच थांबली.

तोवर इंजिन प्लॅटफॉर्मच्या बाहेर गेलं होतं. तिथून तिला नुसता धूर दिसला असेल.

अप्पांनी हात केला असणार. टोकाला कोणीच नव्हतं.

मी आईला म्हटलं, पी ना. आईने आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आपले नई चालस, माय."
पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. बारडोलीला तिने तांब्या पुन्हा भरून घेतला.

मी काही बोलले नाही. तेव्हा मी लहान होते, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं. पुरत नाही.

जूनमध्ये परत आले तेव्हा वनिताने इंजिनाचं काहीच काढलं नाही. माझ्या आईला ती मावशी म्हणायची. पहिला प्रश्न हाच.
"मावशीनं पाणी पिलं ना?"
"हो. सगळं."
केवढी खूश झाली ती. ते पाहिल्यावर खरं सांगायची माझी हिंमत पुढे कधी झालीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लाइनवर काळं इंजिन उरलं नाही. अप्पा रिटायर होईपर्यंत शेडमधल्या एका टेबलावर बसले. एक्स्प्रेस त्यांना पुन्हा मिळाली नाही. आता अप्पाही नाहीत, आईही नाही.

आज सगळं उरकल्यावर वनिताच्या लेकीने ती वही माझ्यापुढे धरली.
"मावशी, इथे इंजिनाचा नंबर का नाही?"

तीच तारीख, तीच जादा एक्स्प्रेस. नंबरचा कॉलम रिकामा. पाहिला नाही, म्हणून लिहिला नाही.

आणि शेऱ्यात, तिच्या तिरक्या अक्षरात:
"मावशीने आपल्या हातचं पाणी पिलं."

अख्ख्या वहीत न पाहता लिहिलेली एवढी एकच ओळ आहे. माझ्या शब्दावर लिहिलेली.

लेकीला मी म्हटलं, "माहीत नाही गं." म्हणजे आजही खोटंच बोलले. म्हणून इथे लिहिते आहे. ती वाचेल.

वने, आईने ते पाणी पिलं नाही.
त्या दिवशी तू टोकाला उभी असायला हवी होतीस. मी हाक मारायला नको होती.

माफ कर.
तुला माझा शेवटचा जय भीम.